गोवर, भूक आणि बालकांची दृष्टी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२३ सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती, ती आपणा सर्वांना आठवत असेल. घरोघरी डोळे आले, शाळांचे वर्ग रिकामे पडले, काळ्या चष्म्यांना गिऱ्हाईक वाढले आणि वृत्तपत्रांनी रुग्णांचे आकडे छापले. ती साथ विषाणूची होती. बहुतेकांचे डोळे आठ-दहा दिवसांत पूर्ववत झाले. बंगल्यात राहणाऱ्यालाही ती झाली आणि झोपडीत राहणाऱ्यालाही झाली. म्हणूनच तिचा एवढा गाजावाजा झाला. आज ज्या नेत्रविकाराविषयी मी बोलणार आहे, त्याच्या वाट्याला असा गाजावाजा येत नाही. तो लहान मुलांना होतो, गोवराच्या पाठोपाठ होतो. खात्यापित्या घरातील मुलाचा डोळा चार दिवस लाल होऊन बरा होतो. अर्धपोटी राहणाऱ्या मुलाच्या डोळ्यात मात्र फूल पडते आणि ते जन्मभर जात नाही.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने डोळ्यांच्या रोगावर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. रोगजंतू कोणते, हे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु एकाच जंतूने एका मुलाचा डोळा का वाचतो आणि दुसऱ्याचा का जातो, हा प्रश्न वाटपाचा आहे. लोणी कोणाच्या ताटात जाते, लस कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचते, डॉक्टर किती मैलांवर बसतो, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच दृष्टीचेही वाटप होत असते.

प्रथम रोगाचे स्वरूप समजून घेऊ. गोवर म्हणजे अंगावर उठणारे पुरळ, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ताप, खोकला, नाक वाहणे आणि डोळे लाल होणे ही त्याची पहिली लक्षणे होत. पुरळ मागाहून दिसते. गोवराचा विषाणू डोळ्याच्या बाह्य आवरणात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातही शिरतो. या पडद्याला वैद्यक परिभाषेत स्वच्छमंडल म्हणतात. गोवर झालेल्या मुलाला उजेड सहन होत नाही, ते डोळे मिटून पडून राहते, याचे कारण हेच. मूल सशक्त असेल तर हा दाह वरवरचा राहतो आणि खूण न ठेवता जातो.

परंतु गोवर एकटा येत नाही. तो शरीराची प्रतिकारशक्तीच काही काळ मोडून टाकतो. ही गोष्ट नवी नाही. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ सालीच दाखवून दिले होते की, क्षयाच्या चाचणीला एरवी प्रतिसाद देणाऱ्या मुलांची त्वचा गोवराच्या काळात तो प्रतिसाद देईनाशी होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर असे दाखवले की, पूर्वीच्या आजारांतून शरीराने कमावलेल्या प्रतिपिंडांचाही मोठा भाग गोवर पुसून टाकतो. अशा वेळी दुसऱ्या विषाणूंना रान मोकळे मिळते. त्यांतील प्रमुख म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स. ताप उतरताना ओठांच्या कडेला बारीक फोड येतात, ते याच विषाणूचे. एरवी तो मज्जातंतूंत निपचित पडून असतो. गोवराची संधी साधून तो जागा होतो आणि स्वच्छमंडलावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम कोरतो. सर्दीपडशाचे आणि डोळे येण्याचे कारण असलेला ॲडिनोव्हायरसही अशा मुलांत आढळतो. म्हणजे एकाच डोळ्यावर एकाच वेळी दोन, क्वचित तीन विषाणूंचा हल्ला होतो आणि जखम झालेल्या जागी जिवाणूही येऊन बसतात.

एवढ्यानेही डोळा जातोच असे नाही. त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ती म्हणजे जीवनसत्त्व अ चा अभाव. डोळ्याचे आवरण ओलसर आणि निरोगी राहण्यास हे जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. दूध, लोणी, अंडी, यकृत यांतून ते थेट मिळते. पालेभाज्या, गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा यांतून ते शरीर बनवून घेते, मात्र त्यासाठी जेवणात थोडे तरी तेल-तूप लागते. यकृतात त्याचा साठा होतो. पुरेसे खाणाऱ्या मुलाजवळ काही महिन्यांची शिल्लक असते. अर्धपोटी मुलाजवळ शिल्लक अशी नसतेच. गोवराचा ताप ही शिल्लक झपाट्याने संपवतो, सोबत येणारा अतिसार अन्नातून मिळणारे वाया घालवतो आणि तोंड आलेले मूल खाणेच सोडते. मग आधी रात्रीचे दिसेनासे होते, डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर साबणाच्या फेसासारखे डाग येतात आणि अखेरीस स्वच्छमंडल मऊ होऊन विरघळते. गोवरात हे टप्पे इतक्या वेगाने उरकतात की रातांधळेपणा लक्षात येण्यापूर्वीच बुबुळाला भोक पडलेले असते.

याचा पुरावा आफ्रिकेतून मिळाला. ॲलन फॉस्टर आणि आल्फ्रेड सॉमर या दोन नेत्रतज्ज्ञांनी टांझानियात स्वच्छमंडलाला नुकताच व्रण झालेल्या १३० मुलांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ३७ टक्के मुलांना नुकताच गोवर होऊन गेला होता. व्रणाचे मूळ शोधता निम्म्या मुलांत जीवनसत्त्व अ चा अभाव आढळला, पाचांतील एकात हर्पिस, आणि सुमारे १७ टक्क्यांत डोळ्यात घातलेली घरगुती औषधे. निव्वळ गोवराच्या विषाणूने झालेले व्रण शंभरात तीनच होते. दोन्ही डोळे एकदम जाण्याचे सर्वांत मोठे कारण जीवनसत्त्वाचा अभाव हेच होते. साथींनो, या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपण म्हणतो, ‘गोवराने डोळे गेले.’ गोवर हे निमित्त झाले. डोळे मुख्यत्वे भुकेने गेले.

भूक म्हटल्यावर ती निसर्गाच्या अवकृपेने येते, असे समजण्याचा प्रघात आहे. त्याला उत्तर देणारे एक उदाहरण युरोपातील आहे आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते ठाऊक असावे असे मला वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्क हा दुधालोण्याचा देश होता. तेथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लोख यांच्याकडे डोळ्यांचे पडदे कोरडे पडून विरघळू लागलेली बालके येऊ लागली. ही मुले दुष्काळी मुलखातली नव्हती. ज्या देशातून लोण्याची पिंपे परदेशी जात होती, त्याच देशातील गरिबांची ती मुले होती. युद्धामुळे लोण्याला परदेशात चढा भाव आला होता. लोणी निर्यात होई. घरच्या मुलांना मलई काढलेले दूध, पेज आणि वनस्पती तेलाचे मार्गारिन मिळे. १९१७ साली जर्मन पाणबुड्यांच्या नाकेबंदीने निर्यात अडली. सरकारने लोण्याचे रेशनिंग सुरू करून ठरावीक भावाने प्रत्येकाला त्याचा वाटा दिला. पुढील वर्षी हा नेत्ररोग डेन्मार्कमधून जवळजवळ नाहीसा झाला. नवे औषध निघाले नव्हते, नवी इस्पितळेही उघडली नव्हती. गाईही त्याच होत्या. बदलले होते ते फक्त वाटप.

आपल्याकडील दुधाच्या अर्थकारणाकडे या दृष्टीने पाहा. गावोगावच्या संकलन केंद्रांवर पहाटे कॅन भरतात आणि टँकर शहराकडे निघतात. दुधाचा पैसा घरात येतो हे चांगलेच आहे आणि सहकारी दूध चळवळीचे श्रेय मी नाकारीत नाही. परंतु ज्या घरात कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून वळता होतो, त्या घरात किटलीत मागे काय उरते आणि ते कोणत्या मुलाच्या पेल्यात पडते, हा प्रश्न विचारल्याशिवाय दूध उत्पादनाच्या वाढीचे आकडे अपुरेच राहतील.

आता ज्ञानाच्या वाटपाविषयी. १९३२ साली लंडनमधील एका ज्वर रुग्णालयात डॉ. एलिसन यांनी गोवराच्या ३०० मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत जीवनसत्त्व अ दिले आणि दुसऱ्या ३०० मुलांना दिले नाही. दुसऱ्या गटात २६ मुले दगावली, पहिल्या गटात ११. हा निष्कर्ष छापला गेला आणि जवळजवळ पन्नास वर्षे विस्मृतीत पडून राहिला. ब्रिटनमध्ये राहणीमान सुधारले, तेथील मुले गोवराने मरेनाशी झाली आणि जिथे ती मरत होती त्या वसाहतींत हे ज्ञान पोहोचवण्याची निकड कोणाला वाटली नाही. १९८६ साली इंडोनेशियातील आचे प्रांतातून सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, सहा महिन्यांनी एकदा जीवनसत्त्व अ दिल्यास बालमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. १९९० साली केपटाऊनहून आलेल्या अभ्यासात गोवराने मृत्यू पावलेल्या १२ मुलांपैकी १० जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातील होती. त्यानंतर जगाला लंडनच्या त्या सहाशे मुलांची आठवण झाली.

आपला देश या बाबतीत मागे नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाच्या आधारे १९७० साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली, २०१० पासून तिचा दुसरा डोस सुरू झाला आणि २०१७ पासून गोवर-रुबेला लस टप्प्याटप्प्याने देण्यात येऊ लागली. या उपायांनी लक्षावधी डोळे आणि प्राण वाचले. तरीही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ राज्यांतील अंधशाळांमधल्या १,३१८ विद्यार्थ्यांच्या पाहणीत २६.४ टक्के मुलांचे अंधत्व स्वच्छमंडलावरील फूल अथवा खचलेला डोळा यांमुळे आलेले होते आणि त्याचे मुख्य कारण जीवनसत्त्व अ चा अभाव हे सांगितले गेले. ही मुले राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर जन्मलेली होती. कार्यक्रम कागदावर होता, बाटलीही कदाचित तालुक्यापर्यंत आली होती. शेवटचे चार मैल चालायला कोणी नव्हते.

येथे एक वाद उपस्थित होतो आणि आपण कार्यकर्त्यांनी तो टाळू नये. काही तज्ज्ञ म्हणतात, डोस देत राहा, तो स्वस्त आहे. खुद्द गोपालन यांनी पुढील काळात ठामपणे मांडले की, डोस हा तात्पुरता उपाय होता, कायमचा उपाय अन्नात आहे. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. तमिळनाडूत मुलांना दर आठवड्याला केवळ रोजच्या आहारातून मिळावी एवढीच अल्प मात्रा दिली असता मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९० साली दिसले. उलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांना समाविष्ट करणाऱ्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहामाही डोसने मृत्यूंत झालेली घट फारच अल्प होती. माझे मत असे आहे. गोवर झालेल्या मुलाच्या बाबतीत वाद नाही. त्याला डोस मिळालाच पाहिजे, आणि तो न देणे हा गुन्हा समजला पाहिजे. परंतु निरोगी मुलांसाठी वर्षातून दोन चमचे औषध पाजून राज्यकर्ते जर ताटाची जबाबदारी झटकू पाहत असतील, तर तो सौदा आपण मान्य करता कामा नये. चमचा हा ताटाचा पर्याय नव्हे.

हा केवळ इतिहास नाही. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ उसळली. तिचे केंद्र गोवंडी आणि आसपासच्या वस्त्या, म्हणजे महापालिकेचा एम पूर्व विभाग, हे होते. भिवंडी आणि मालेगावातही ती पसरली. एकट्या मुंबईत दहाहून अधिक बालके दगावली. देशाच्या आर्थिक राजधानीत, लस उपलब्ध होऊन अनेक दशके लोटल्यानंतर, हे घडले. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते आणि आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने होती. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून शंभरातील पंचाण्णव मुलांना लस मिळाल्याखेरीज साथ अडत नाही. दहा फुटी खोलीत सात माणसे राहतात तिथे तर हे गणित अधिकच कठोर होते. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची खुंटलेली आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती. कृशतेचे हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक आहे. सधन म्हणून मिरवणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. गोवराच्या विषाणूला आणि त्याच्या सोबत्यांना याहून सुपीक जमीन कोणती हवी?

अशा वेळी शासनाचे वर्तन कसे असते? घराघरांतील मुलांची नोंद ठेवणाऱ्या, त्यांना पोषण आहार देणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना या राज्याने कर्मचारी मानलेले नाही; त्यांना मानधन मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना आपल्या मागण्यांसाठी राज्यभर संपावर जावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि अंडी द्यायचीच तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असे सुचवले. अंडे हा या जीवनसत्त्वाचा स्वस्त आणि सोपा स्रोत आहे. अंदाजपत्रकात ज्याला ‘बचत’ म्हणतात, त्याची वसुली पुढे कोणाच्या शरीरातून होते, हे अर्थमंत्र्यांच्या भाषणात येत नाही.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात, ‘दोष गरिबांच्या अडाणीपणाचा आहे. ते गोवराला देवीचा कोप समजतात, मुलाचे खाणे बंद करतात, डोळ्यात नाही नाही ते घालतात.’ या रूढी घातक आहेत, याविषयी शंका नको. टांझानियाच्या आकड्यांत घरगुती औषधांचा वाटा आपण पाहिलाच. पण डॉक्टर दुर्लभ असतो तिथे आई हाताशी असेल ते करते. आणि अडाणीपणा केवळ झोपडीत नसतो. लाल डोळ्यावर चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब मिळतात, ते शहरी सुशिक्षितच अधिक घेतात. थेंबांनी लाली तात्काळ उतरते आणि रोगी समाधान पावतो. पण आत हर्पिसचा व्रण असेल तर तेच थेंब तो व्रण पसरवतात आणि डोळा घालवतात. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. तो पाळला जात नाही, याला गरिबांच्या श्रद्धा जबाबदार नाहीत.

मग आपण काय करावे? सभेत ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील पाच वर्षांखालील मुलांची यादी करावी आणि नवव्या महिन्यानंतरचा व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा असे लसीचे दोन्ही डोस झाले की नाही, हे कार्डावरून पाहावे. राहिले असतील त्यांना घेऊन केंद्रावर जावे. तेथे लस नसेल तर त्या दिवशीचे आंदोलन तेथेच करावे. गोवर आलेल्या मुलाला, त्याला पूर्वी डोस मिळालेला असो वा नसो, जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळतात: वर्षावरील मुलाला प्रत्येकी दोन लाख एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या बालकाला एक लाख, त्याहून लहानास पन्नास हजार. डोळ्यांत अभावाची लक्षणे असतील तर काही आठवड्यांनी तिसरा डोस लागतो. हे आरोग्य केंद्रातूनच घ्यायचे आहे. कार्यकर्त्याने स्वतः औषध वाटू नये, पण ते मिळाले की नाही हे जरूर विचारावे. मुलाचे दूध आणि जेवण बंद करू नका, हे घरोघर सांगावे. डोळ्यात मध, पाल्याचा रस, दुकानातले थेंब, काहीही परस्पर घालू देऊ नये. मूल डोळे उघडत नसेल अथवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. उद्यापर्यंत थांबणे म्हणजे कित्येकदा डोळा गमावणे असते.

हे झाले सेवेचे काम. आपल्या चळवळीत सेवा आणि संघर्ष यांची ताटातूट करण्याची एक खोड आहे. मोर्चा काढणारा लसीच्या कार्डाकडे पाहत नाही आणि कार्ड पाहणारा रेशनच्या प्रश्नावर बोलत नाही. या रोगाने ती ताटातूट खोटी ठरवली आहे. लस, डोस आणि नेत्रतज्ज्ञ ही आजची गरज आहे. रेशनवर धान्यासोबत डाळ व तेल, अंगणवाडीत आणि शाळेत अंडे, अंगणवाडी सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा, वस्तीत राहण्याजोगे घर, ही उद्याची मागणी आहे. पहिली सोडून दुसरीकडे धावलो तर आजची मुले आंधळी होतील. पहिलीतच रमलो तर उद्याची होतील.

डेन्मार्कच्या त्या मुलांना वाचवायला युद्ध आणि नाकेबंदी यावी लागली. न्याय्य वाटप तेथे निरुपायाने झाले. लोकशाहीत ते लोकांनी संघटित होऊन, विचारपूर्वक करून घ्यायचे असते. त्याच कामासाठी हा पक्ष आहे, असे मी मानतो.